अनुदान आहे हो, पण आपली फाईल कुठे आहे?



पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. लोणखेड्यातले आणि शहाद्याकडचे जे कोणी मंडळात, बचत गटात, भजनात, वाचनालयात आहेत, त्यांनी तर जरूर वाचा.

२०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर राज्य सरकारने जाहीर केलं होतं, आठवत असेल. राज्यातल्या १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये. हार्मोनियम, मृदंग, पखवाज, वीणा असं साहित्य घ्यायला. अर्ज ऑनलाइन करायचा, मुदत २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. म्हणजे दोनच आठवडे, आणि तेही ऐन गणपतीत. आमच्या ग्रुपवर तो मेसेज कोणीतरी टाकला तेव्हा मुदत संपायला तीन दिवस उरले होते. सगळ्यांनी अंगठे दिले, हात जोडले, "जय हरी" लिहिलं. मग मी विचारलं, मंडळाचं बँक खातं कोणाच्या सहीने चालतं? ग्रुप शांत.

खातंच नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं दर एकादशीला भजन चालू आहे, वर्गणी गोळा होते, पेटी दुरुस्त होते, सप्ताहाला पंगत बसते, आणि हा सगळा व्यवहार एका वहीत. ती वही ज्यांच्याकडे होती ते आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. वही त्यांच्या कपाटात असणार, पण मागायला जायचं कोणी, हा प्रश्न. तीन दिवसांत आम्ही काय करणार होतो? ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आम्ही गणपती बोळवला आणि अनुदानही बोळवलं.

आता यावर दोन प्रकारचे शेरे आले. एक, "सरकार नुसतं जाहीर करतं, देत काही नाही." दुसरा, "ओळख असल्याशिवाय काही मिळत नाही रे भाऊ." पहिल्या शेऱ्याबद्दल माझं म्हणणं असं की आपण अर्जच केला नाही, तर दिलं नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने? दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो. पण हिशोबही प्रामाणिकपणे मांडू. १८०० गुणिले २५ हजार म्हणजे साडेचार कोटी. जिल्हे ३६, म्हणजे सरासरी जिल्ह्याला ५० मंडळं. आपल्या एकट्या शहादा तालुक्यात गावोगाव भजनी मंडळं आहेत, ५० तर इथेच भरतील. तेव्हा कागद तयार असते तरी आम्हाला मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण रांगेत उभं तरी राहिलो असतो.

ही पोस्ट लिहायचं खरं कारण भजन नाही. गावातली आठ-दहा पोरं गेले काही महिने मागे लागली आहेत की अभ्यासिका पाहिजे. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, सगळ्यांची तयारी चालू आहे. घरात जागा नाही, शहाद्यात जाऊन महिन्याला खुर्चीचं भाडं भरणं प्रत्येकाला परवडत नाही. त्यांचं म्हणणं, "काका, कुठलं तरी अनुदान बघा ना." मी बघायला बसलो. जे दिसलं ते इथे लिहितो, कारण ते फक्त अभ्यासिकेपुरतं नाही.

सगळ्यात जवळचा पैसा आपण कधी बघतच नाही, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा स्वतःचा. ग्रामपंचायत कुठलीही असो, तिच्या स्वउत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला पाहिजे. हा शासनाचा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नाही. दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता, तो वाढून ५ झाला. उदाहरण म्हणून धरा, एखाद्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न वर्षाला २० लाख आहे. मग २ लाख महिला-बालकांचे, ३ लाख मागासवर्गीयांचे, १ लाख दिव्यांगांचे. दरवर्षी. आता सांगा, तुमच्या माहितीतल्या किती बचत गटांनी ग्रामसभेत उठून विचारलं आहे की त्या १० टक्क्यांचं यंदा काय करायचं? मी तरी पाहिलं नाही. मीही विचारलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

आणि स्वउत्पन्न म्हणजे काय? आपली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. शहाद्याला लागून असलेल्या आपल्यासारख्या गावात नवीन घरं, कॉलन्या, दुकानं वाढत चालली आहेत. लांबच्या खेड्यापेक्षा इथे करातून जास्त पैसा उभा राहू शकतो. पण "काही मिळत नाही" म्हणून ओरडणाऱ्या घराचीच तीन वर्षांची घरपट्टी थकलेली असेल, तर तो टक्का कशाचा काढायचा?

त्याच्यानंतर येतो वित्त आयोग. मार्च २०२६ पर्यंत पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला थेट यायचा हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण त्यातला ६० टक्के बंधित असायचा, हे फार जणांना माहीत नाही. अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याच्या पाण्याला, तिथून हलवता येत नव्हता. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. अभ्यासिकेची खोली, टेबल-खुर्च्या, महिलांच्या गटासाठी एखादी शेड, हे बसवायचं तर या ४० टक्क्यांत बसवावं लागायचं. आणि त्यासाठी ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात, म्हणजे ‘आमचा गाव आमचा विकास’ मध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. आराखड्यात नाही, तर सरपंचाच्या मनात कितीही असलं तरी खर्च टाकता येत नाही. मग लोक म्हणतात सरपंच करत नाही. आराखडा ठरतो ग्रामसभेत, आणि ग्रामसभेला आपण किती जण असतो? कोरम भरला नाही म्हणून तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नाही, असंच चालतं बहुतेक गावांत.

आत्ताच ही गोष्ट का काढतो? कारण पंधराव्या आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. एप्रिल २०२६ पासून सोळावा सुरू. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींकडे गेलेला आहे. म्हणजे पुढच्या वर्षाचा आराखडा नव्या आयोगाच्या पैशावर चालणार. जे काम आत्ता आराखड्यात चढेल तेच पुढच्या वर्षी मागता येईल. कोणत्या गावात किती खर्च झाला, कशावर झाला, हे ई-ग्रामस्वराजवर मोबाईलवर दिसतं. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. रील बघण्यातली दहा मिनिटं तिकडे द्या एकदा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक पैसा आहे, जो पुण्या-नाशिकच्या मोठ्या भागाला नाही. पेसाचा. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के हिस्सा थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचा, असा निर्णय राज्याने २१ एप्रिल २०१५ ला घेतला. अबंध निधी. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, वनसंवर्धन आणि वनांवरची उपजीविका, अशा चार भागांत तो खर्च करायचा, आणि कशावर ते ग्रामसभेने ठरवायचं. आपला शहादा तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात नाही, काही गावं आहेत, काही नाहीत. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आहेत. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याकडचे जे मित्र ही पोस्ट वाचत असतील त्यांनी आपलं गाव यादीत आहे का ते ग्रामसेवकाला विचारावं. असेल, तर तिथे ग्रामसभा म्हणजे गावाची नाही, पाड्याचीसुद्धा होऊ शकते. २०१४ च्या पेसा नियमांत ती सोय आहे. पाड्याची स्वतःची सभा आणि स्वतःचा ग्रामसभा कोष असला, तर मोठ्या गावाच्या सभेत दबून राहणाऱ्या लोकांनाही बोलता येतं. ज्या गावांत हे झालं नाही तिथे पाच टक्क्यांतून काय होतं? पेव्हर ब्लॉक आणि कमान. पेव्हर ब्लॉकवर माझा राग नाही, पण वनहक्काचा दावा अडकलेल्या पाड्यात पहिला खर्च कमानीवर?

आता आमदार-खासदार निधी. "ओळख लागते" हे म्हणणं इथे खरं आहे. खासदाराला वर्षाला ५ कोटी, आमदारालाही आता ५ कोटी. काम त्यांनी सुचवायचं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून, काम सरकारी यंत्रणेमार्फत. तिथे ओळख, मतांचं गणित, कोण कोणाचा कार्यकर्ता, हे सगळं चालतं आणि चालणारच. पण एक लक्षात घ्या, हा पैसा मंडळाच्या हातात येतच नाही. त्यातून सभामंडप होईल, व्यायामाची साधनं येतील, रस्ता होईल. चालवायला एक रुपया मिळत नाही. तरी आपल्याकडे प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाला वाटतं की साहेबांनी निधी दिला म्हणजे प्रश्न मिटला.

बांधायला पैसा असतो, चालवायला नसतो. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या डोळ्यासमोर तापीकाठी आहे. सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज झाले, पाणी अडलं. तापीकाठच्या २२ सहकारी उपसा सिंचन योजना मात्र वर्षानुवर्षं बंद. थकलेली वीजबिलं, डोक्यावर कर्ज, जळालेल्या मोटारी, फुटलेल्या पाइपलाइनी. संस्था शेतकऱ्यांच्याच होत्या, सातबारावर बोजा शेतकऱ्यांच्याच चढला. पुढे कर्जाचा प्रश्न सोडवण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी सरकारला पुन्हा कोट्यवधी घालावे लागले. नदी भरलेली दिसते आणि शेत कोरडं, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. दोष सगळा सभासदांचा होता असं मी म्हणत नाही, विजेचे दर आणि बॅरेजला झालेला उशीर यांचाही वाटा होता. पण अभ्यासिका मागणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. खोली मिळेल रे. लाईट बिल कोण भरणार? रात्री अकराला कुलूप कोण लावणार? पंखा बंद पडला तर?

वाचनालयांचंही तेच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. कितीतरी वर्षं ते वाढलंच नव्हतं, २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली. अर्धं वेतनावर आणि अर्धं बाकीच्या खर्चावर, म्हणजे पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज. चालवायला पैसा देणारी ही अगदी मोजक्या योजनांपैकी एक. पण ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडतं त्यात त्याचा स्वतःचा संसार चालत नाही, हे कुठल्याही गावातल्या ग्रंथपालाला विचारा. ही माणसं आवड म्हणून टिकून आहेत. नुसती आवड किती दिवस पुरणार?

मग टिकतं काय? माझ्या पाहण्यात टिकलेत ते बायकांचे बचत गट. सगळे नाही, पण बरेच. का टिकले ते बघा. उमेदमध्ये गट झाला की लगेच पैसा देत नाहीत. आधी नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, आणि वही लिहायची. ही पंचसूत्री पाळली, मग फिरता निधी. तो आधी १५ हजार होता, २०२३ मध्ये राज्याने ३० हजार केला. त्यानंतर ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी, मग बँकेचं कर्ज. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला गटाकडून बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोणी मागितलं तर नियम दाखवा. म्हणजे आधी स्वतःचे पन्नास-शंभर रुपये, मग सरकारचे. आमच्या पुरुषांच्या मंडळांचं उलटं. आधी लेटरहेड छापतो, मग शिक्का, मग बॅनर, मग सरकारकडे बघतो. बचत? ती वर्गणीतून उरली तर, आणि ती डीजेत उरत नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही तत्त्व हेच आहे. केंद्राच्या १० हजार कंपन्यांच्या योजनेत सभासदाने भागभांडवल म्हणून जेवढे टाकले तेवढेच सरकार टाकतं, सभासदामागे २ हजारांपर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत. शिवाय तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च, म्हणजे इथे चालवायलाही पैसा आहे. सपाटीच्या भागात किमान ३०० सभासद लागतात, डोंगरी भागात १००. आपल्याकडे दर हंगामात पपईच्या भावावरून काय होतं ते सांगायला नको. व्यापारी एक भाव सांगतो, शेतकरी तोड बंद करतात, मग बाजार समितीत बैठक, मग दर ठरतो, मग आठवड्याने पुन्हा तोच घोळ. पपई काही कपाशीसारखी घरात भरून ठेवता येत नाही. तीनशे पपईवाले एकत्र आले तर बोलणी करायला जरा वजन येईल. हे मी सांगतोय म्हणून नवीन नाही, प्रयत्न झालेतही. पण कंपनी काढली आणि संचालकांनीच माल बाहेर विकला, असंही झालेलं आहे. अनुदान तिथे काय करणार.

मिरची, मसाला, पापड, लोणचं करणाऱ्या गटांसाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना आहे. २०२० पासून. यंत्राच्या प्रकल्पाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. कृषी विभागाकडे चौकशी करा. नंदुरबारची मिरची सगळीकडे जाते, पण पुडीवर नाव दुसऱ्याच गावाचं असतं, हे दुखणं जुनं आहे. वयस्कर कीर्तनकार, शाहीर, सोंगाड्या, कलावंतांसाठी महिना ५ हजारांचं मानधन आहे, त्याचा अर्ज वेगळा. हे मंडळाला नाही, माणसाला मिळतं. पण मंडळाने आपल्या म्हाताऱ्या माणसाचे कागद करून द्यायला काय हरकत आहे?

आता माझ्या स्वतःच्या घरचं सांगतो. मी ज्या एका मंडळाचा खजिनदार आहे ते नोंदणीकृत आहे. १८६० चा सोसायटी कायदा आणि १९५० चा विश्वस्त कायदा, दोन्हीखाली. आम्हाला त्याचा फार अभिमान. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. काही वर्षांपूर्वी व्यायामाच्या साहित्यासाठी एका योजनेत अर्ज करायचं ठरलं. तिथे सांगितलं, चालू कार्यकारिणीचं परिशिष्ट-१ आणा. आणलं, तर त्यावर स्थापनेच्या वेळचीच नावं. त्यातले तिघे वारलेले, एक सुरतला स्थायिक. दर निवडणुकीनंतर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. किंवा ज्यांना माहीत होतं त्यांनी "बघू नंतर" म्हणून सोडून दिलं. कागदोपत्री मी खजिनदार नव्हतोच! मग जुनी प्रोसिडिंगं शोधा, मृत्यूचे दाखले आणा, एकामागून एक चेंज रिपोर्ट, प्रत्येकाला विलंब माफीचा अर्ज. वर्ष-दीड वर्ष गेलं. तोवर त्या योजनेचं वर्ष संपलं होतं. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून डंबेल आणले, अजून तेच वापरतात.

यात कुठल्या कार्यालयाला दोष देऊ? चूक आमचीच. आणि वर्षानुवर्षं हिशोब न देणाऱ्या संस्थेची नोंदणीच रद्द होऊ शकते, हे तेव्हा वकिलांनी सांगितल्यावर पोटात गोळा आला. कारण संस्थेच्या नावावर एक छोटी जागा आहे, ती गावाच्या माणसांनी दिलेली.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल बरेच जण विचारतात. कायदा असा आहे: ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १ हजार कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. पैसा मोठा आहे. पण तो घ्यायला संस्थेला १२-ए, ८०-जी, सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. शिवाय कंपन्या आधी आपल्या कारखान्याच्या आसपास बघतात, आणि आपल्या जिल्ह्यात मोठे कारखाने किती? २०१८ पासून नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या नावाने काही कंपन्या येतात, पण त्या मोठ्या संस्थांमार्फत. गल्लीतल्या मंडळाने सीएसआरची वाट बघत बसू नये, हे माझं स्पष्ट मत. फार तर अशा मोठ्या संस्थेला आपल्या गावात काम करायला बोलवावं.

इथेच एक सावधगिरी. "ट्रस्ट आहे का? १० लाख सीएसआर फंड मिळवून देतो, आधी ३० हजार प्रोसेसिंग फी भरा" असे फोन येतात. मलाही आला. गोड बोलतात, दिल्ली-मुंबईची नावं घेतात. दुसरा प्रकार, "तुमचं खातं फक्त वापरायला द्या, पैसा येईल, २० टक्के तुमचे, बाकी परत करा." यात मंडळाच्या अध्यक्ष-सचिवाच्या हातात बेड्या पडू शकतात, फोन करणारा सापडणार नाही. सरळ फोन ठेवा.

काही मित्र म्हणतील, एवढे कागद करण्यापेक्षा अनुदानाच्या नादालाच लागू नये, वर्गणीत चालतंय ते बरं. मला ही भूमिका पटते, निम्मी. भजन, गणपती, सप्ताह वर्गणीतच व्हावेत, त्यात आपलेपणा राहतो. सरकारी पैशाने देव नाचवायची गरज नाही. भजनी मंडळाला पेटी मिळाली असती तर आनंद झाला असता, पण ती न मिळाल्याने भजन थांबलं नाही. अभ्यासिकेचं तसं नाही. वर्गणी देणाऱ्याच्या ऐपतीवर ती सोडली, तर ज्या वस्तीत ऐपत नाही तिथली पोरं बाहेरच राहणार. मजुरी करणाऱ्या घरातला पोरगा, ज्याच्या घरी एकच खोली आणि सहा माणसं, त्याच्यासाठी तर अभ्यासिका पाहिजे. त्याच्या बापाकडून मी वर्गणी मागायला जाणार नाही. तिथे ग्रामपंचायतीच्या १५ टक्क्यांतून, ठक्कर बाप्पा योजनेतून, जिथून नियमात बसेल तिथून पैसा आलाच पाहिजे. तो मागणं म्हणजे भीक नाही, आणि मागितला नाही म्हणून तो दुसरीकडे खर्च होणं हे आपल्याच पोरांचं नुकसान.

तेव्हा पोरांशी बोलून असं ठरवलंय. नवीन ट्रस्ट काढायचा नाही. गावात आधीच नोंदणी झालेल्या आणि झोपलेल्या संस्था असताना आणखी एक कशाला? जुन्यांपैकी जिचे कागद सगळ्यात कमी बिघडलेत तिचाच आधार घ्यायचा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत अभ्यासिकेचा विषय लेखी द्यायचा, आधी अर्ज देऊन पोच घ्यायची, आणि त्या दिवशी घोषणा न देता नुसतं हजर राहायचं, किमान पन्नास जण, त्यात बायका असल्या पाहिजेत. खोली मागायची ती नवीन नाही, गावात वापरात नसलेली एखादी सार्वजनिक खोली दुरुस्त करून मागायची, म्हणजे खर्च कमी. आणि लाईट बिलासाठी आत्तापासून, खोली मिळायच्या आधीपासून, ज्याला जमेल त्याने महिना ३० रुपये जमा करायचे. ज्याला जमत नाही त्याने आठवड्यातून एकदा झाडू मारायचा, कुलूप लावायचं. पोरांनी हे स्वतः सुचवलं, मी नाही. वहीसुद्धा एका पोरीने करायला घेतली आहे. दोन महिन्यांचा हिशोब तिने दाखवला, खाडाखोड नाही. मला माझ्या मंडळाच्या वहीची लाज वाटली.

ग्रामपंचायतीने हो म्हटलं तरी पैसा पुढच्या आर्थिक वर्षात येईल, कदाचित त्याच्याही पुढच्या. यंदाच्या भरतीला बसणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. एक जण म्हणाला, "काका, माझ्या लहान भावाला तर होईल."

तर आता तुमच्याकडून एवढंच पाहिजे. ज्यांच्या घरी एखाद्या मंडळाचं, वाचनालयाचं, तालमीचं जुनं नोंदणी प्रमाणपत्र, प्रोसिडिंग बुक, पासबुक पडलेलं असेल, वडिलांच्या, काकांच्या, आजोबांच्या ट्रंकेत असेल, त्यांनी ते काढून ठेवा. शेवटचा चेंज रिपोर्ट कोणत्या सालचा आहे आणि ऑडिट कुठवर झालंय तेवढं मला कळवा. ओरिजिनल कोणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नाही. आप्पांच्या घरी वही मागायला मी रविवारी जातोय, सोबत कोणी आलं तर बरं होईल, एकट्याने जायला जीव होत नाही.

राम राम.